अंगावर कुत्री घेणारा माणूस

त्याचे केस मी कापायचो, त्यामुळे त्याच्या डोक्यावरच्या जखमा मला पाठ होत्या. डाव्या कानाच्या वर केस न उगवणारा एक पट्टा, मानेमागे दातांच्या खळग्यांची ओळ आणि हनुवटीखाली एक शिवण, तिथं वस्तरा जपून न्यावा लागे. शेजारच्या खुर्चीत नवखं गिऱ्हाईक बसलं की हटकून विचारायचं, "काय हो, मारामारी का?" तो आरशातूनच सांगायचा, "नाही, नोकरी."

गल्लीत त्याला सगळे चोर म्हणत. पोरंसोरं म्हणत, म्हातारी माणसंही म्हणत आणि चिडली की त्याची बायकोसुद्धा म्हणे. त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण कामच ते होतं. वस्तीच्या बाहेर उस्तादांचं कुत्री शिकवायचं मैदान होतं. लोक राखणीसाठी कुत्री घेत, उस्तादांच्या हवाली करत, आणि त्या कुत्र्यांना चोर कसा असतो ते कळावं म्हणून कुणाला तरी चोर व्हावं लागे. हा व्हायचा. गोणपाट आणि ताडपत्रीचा जाडजूड अंगरखा चढवायचा, हाताला गादीसारखी बाही बांधायचा आणि चिरलेला बांबू आपटत, आईबहिणीवरून शिव्या देत कुंपणावरून आत उडी मारायचा. मग उस्ताद पट्टा सोडत. कुत्रं उसळून यायचं, बाही धरायचं आणि त्याला मातीतून फरफटत न्यायचं. कधी बाही सोडून दुसरंच काही धरायचं. त्याच्या डोक्यावरचा पट्टा असाच गेला होता.

"अंग आखडलं की हाड मोडतं," तो मला सांगायचा. "सैल सोडलं की नुसतं मांस जातं." हे तो अशा सुरात सांगे, जसं मी कुणाला मिशी कशी राखायची ते सांगतो.

त्याची बायको, आमच्या वहिनी, ताडपत्रीच्या दुकानात कामाला होत्या. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायच्या, त्यांना दोर ओवून पीळ भरायचा. त्यांचा पंजा पुरुषासारखा होता आणि बोटांवर घट्टे होते. नवऱ्याचा तो अंगरखा त्यांनीच शिवलेला होता. दर सुट्टीला दारात बसून त्या त्याच्या फाटक्या जागा सांधत आणि सांधताना उस्तादांचा उद्धार करत. एकदा मैदानात जाऊन त्यांनी उस्तादांना सरळ ऐकवलं होतं, "कुत्र्याला विसर पडला तर पडू दे, पण आत माझा माणूस आहे हे तुम्ही विसरू नका."

उस्ताद विसरत नव्हते. विसरले ते गोदामवाले शेठ.

शेठच्या गोदामात मोटारी, तांब्याची तार, वायरींची भेंडोळी असला माल असायचा. त्यांचा आधीचा राखणदार एका सकाळी पाण्याच्या टाकीत सापडला. डोकं मागून फुटलेलं, पाणी लाल झालेलं. माल गेला तो गेलाच, पण त्या दिवसापासून शेठ हादरले. त्यांनी लांबून कुठून तरी मास्टिफ जातीची दोन कुत्री मागवली, भाऊ आणि बहीण, आणि गाडीत घालून उस्तादांकडे आणली. मी ती पहिल्या आठवड्यातच पाहिली. वासराएवढी, तोंडावर कातडीच्या घड्या, ओठांतून लाळेच्या तारा लोंबताहेत. नराचं नाव शेठनी डोंगर ठेवलं होतं. मादीचं नाव काहीतरी छान होतं, पण मैदानात तिला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. सगळे तिला मठ्ठी म्हणत.

चोराचं मत स्पष्ट होतं. "म्हशी आहेत म्हशी. भुंकत नाहीत, धावत नाहीत, ऊन लागलं की धापा टाकत आडव्या होतात. ह्या काय राखण करणार?"

उस्ताद म्हणाले, "अजून लहान आहेत. ह्या जातीला अक्कल उशिरा येते. त्यांना थोडं वाढू दे, घरच्या माणसांत राहू दे. मग ही जागा आपली, ही माणसं आपली, एवढं त्यांना कळतं. बाकीचं त्यांच्या अंगातच असतं."

पण शेठना घाई होती. त्यांना रक्त पाहिजे होतं, आणि ते त्यांनी तसंच बोलून दाखवलं.

मठ्ठीला पहिल्यांदा सोडलं तेव्हा चोर नेहमीसारखा ओरडत आत आला. ती धावली नाही. दुडक्या चालीनं गेली, छाती लावून त्याला पाडलं आणि त्याच्यावर उभी राहिली. एक पाय गळ्याशी, एक पोटावर. दात लावला नाही. तो उठायला गेला की ती अंगाचा भार टाकायची, तो निपचित पडला की भार काढून घ्यायची. शेवटी उस्तादांनी हाक मारून तिला बाजूला केलं. चोर लाळ पुसत उठला आणि सगळे हसले. शेठ हसले नाहीत. "ही कामाची नाही," म्हणाले. "मला झोपवणारी नको, फाडणारं पाहिजे."

डोंगरही सुरुवातीला तसाच थंड होता. शेठनी त्याला घरी नेलं, एका अंधाऱ्या खोलीत आखूड साखळीनं बांधलं आणि उपाशी ठेवलं. मैदानात आणला की ते चोराला बजावत, "तो चिरलेला बांबू राहू दे, खरी काठी घे. लागली पाहिजे." उस्ताद आडवे आले. म्हणाले, "चावरं कुत्रं वेगळं आणि राखणीचं कुत्रं वेगळं." शेठ म्हणाले, "कुत्रं माझं आहे." आणि चोरानं खरी काठी घेतली. फासळ्यांवर मारली, पाठीवर मारली, एकदा तोंडावरही मारली. साखळीला बांधलेलं ते अवाढव्य जनावर आधी मार खाऊन मागे सरायचं, मग सरायचं थांबलं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. चोरानं ते पाहिलं होतं. मला म्हणाला, "ते काठीकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागलं."

त्यानंतर शेठनी त्याला मोकळं सोडायला लावलं. डोंगर आला तो आवाज न करता. चोरानं बाही पुढे केली, त्यानं ती धरली आणि नुसती धरून ठेवली नाही, दाबत गेला. लाकूड मोडल्यासारखा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. चोर किंचाळला, त्या कामात तो पहिल्यांदाच खराखुरा किंचाळला. डोंगर मान झटकत होता आणि त्या प्रत्येक झटक्याला बाहीतला हात भलत्याच दिशेला वळत होता. उस्तादांनी त्याच्या तोंडात लाकडी पाचर घातली, कसाबसा जबडा उघडला. अंगरखा काढायला गेले तर बाहीतून रक्त पाण्यासारखं ओतलं गेलं.

शेठ म्हणाले, "आता कसं."

हात वाचला, पण कामाचा राहिला नाही. मूठ वळेना. अंगावर कुत्री घेण्याचे दिवस संपले. शेठना काही वाटलं म्हणा किंवा उस्तादांनी त्यांना धरून बसवलं म्हणा, त्यांनी चोराला गोदामावर दिवसाचा राखणदार म्हणून ठेवलं. "खोटा चोर होतास, आता खऱ्या चोरांवर नजर ठेव," असा विनोदही केला. मठ्ठीचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "सुई देऊन संपवून टाका." चोर तिला दोर बांधून घरी घेऊन आला.

वहिनींनी दारातच अडवलं. "आपणच दोघं कुशीवर वळताना एकमेकांना विचारतो. हिला कुठं ठेवू, माळ्यावर?"

मठ्ठीनं तो प्रश्न स्वतःच सोडवला. ती उंबऱ्याला लागून आडवी झाली आणि झोपली. त्या दिवसापासून त्या घरात जाणारा माणूस तिला ओलांडून जाऊ लागला. घोरायची अशी की माझ्या दुकानात कात्री थांबवली की ऐकू यायचं. पोरं तिच्या पाठीवर बसत. चोर म्हणायचा, "राखणीला कुत्री आणली आणि राखण आम्हीच करतोय, तिच्या अंगावर कुणी पाय देऊ नये म्हणून."

मग घरमालकाच्या भाच्याचं प्रकरण झालं. हा भाचा सकाळपासून प्यायचा. त्या दिवशी नळावरून वहिनींशी त्याचं वाजलं. मी दुकानासमोर पाणी शिंपडत होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यानं वहिनींचे केस धरले आणि त्यांचं कपाळ नळाच्या कट्ट्यावर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. रक्त डोळ्यांत उतरलं, त्यांना दिसेना. मी बादली टाकून धावलो, पण माझ्या आधी मठ्ठी उठली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. ती त्याच्या अंगावर गेली, त्याला भिंतीला भिडवलं आणि सगळा भार छातीत आणून दाबत राहिली. त्यानं तिच्या डोक्यात बुक्के मारले, डोळ्यात बोट घातलं, तिनं तोंड फिरवलं पण दाब कमी केला नाही. त्याच्या तोंडून आवाज निघायचा बंद झाला, ओठ काळेनिळे पडले. वहिनी आंधळ्यासारख्या चाचपडत आल्या आणि तिच्या पट्ट्याला धरून म्हणाल्या, "बास, मठ्ठे. बास." ती मागे सरली. भाचा घसरत खाली बसला. त्याच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या. अंगावर दाताची एकही खूण नव्हती. त्यानंतर तो गल्लीत दिसला नाही.

त्या दिवशी म्हशींबद्दलचं आपलं मत बदललं, असं चोर म्हणाला. उस्तादांना जाऊन तसं सांगूनही आला.

गोदामावर मात्र डोंगर होता. तिथं त्याला जाळीच्या खोपट्यात ठेवत, अन्न फावड्यानं आत ढकलत. शेठच्या मेव्हण्याचं एक बोट त्यानं तोडलं होतं. आता शेठ स्वतः त्याच्या जवळ जात नसत. चोर समोरून गेला की तो जाळीला येऊन उभा राही. जाळीवर झेप घेत नसे, दात दाखवत नसे, नुसता उभा राही. "दुसरा कुणी गेला की भुंकतो," चोर म्हणाला. "माझ्यावर भुंकत नाही." मी म्हटलं, "मग ओळखत असेल." तो म्हणाला, "तेच तर म्हणतोय."

एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिघं दरोडेखोर गोदामावर आले. बाजूचे कारखाने बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यातला एक शेठनी काढून टाकलेला हमाल होता, त्याला आतलं सगळं माहीत होतं. तिघांच्या हातात लोखंडी पहारी. चोर खुर्चीतून उठेपर्यंत पहिला तडाखा गुडघ्यावर बसला. तो पडला. दुसरा त्याच्या पाठीवर, तिसरा त्या आधीच मोडलेल्या हातावर. किल्ल्या मागत होते. किल्ल्या त्याच्या कमरेलाच होत्या, पण बोलायला श्वास मिळेना, आणि ते मारायचं थांबेनात. हमालानं त्याचं डोकं केसांनी उचललं आणि विचारलं, "टाकीत जायचंय का तुला पण?" तेव्हा चोराला कळलं की आधीच्या राखणदाराला कुणी मारलं.

खोपटं चार हातांवर होतं. तो सरपटत गेला. त्यांना वाटलं पळतोय, ते हसले. त्यानं धड हातानं कडी ओढली.

डोंगर बाहेर आला. तिघंही जागच्या जागी थिजले. एकाच्या हातातून पहार गळून पडली. हमाल मागच्या मागे पोत्यांच्या थप्पीवर चढला, दुसरे दोघं भिंतीकडे पळाले. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं धावतं हे कुणालाही माहीत आहे. डोंगर धावला नाही. त्यानं पळणाऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग वळला आणि जमिनीवर पडलेल्या चोराकडे आला. त्याला शिकवलेला चोर हाच होता. आयुष्यात त्याला दुसरा चोर माहीतच नव्हता.

आज अंगावर बाही नव्हती. त्यानं आधी खांदा धरला. चोर अंग सैल सोडायचं विसरून गेला. खांद्याचं मांस सुटलं तसा त्यानं मांडी धरली आणि त्याला अंगणभर ओढलं. मातीत एक रुंद ओला पट्टा उमटत गेला. थप्पीवर बसलेला हमाल ते बघून ओकला.

वहिनी रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायच्या, बरोबर मठ्ठी, तशा त्या तेवढ्यात आल्या. फाटक उघडंच होतं. वहिनींनी डबा कुठं टाकला हे त्यांना पुढं कधी आठवलं नाही. मठ्ठी त्यांच्या हातातून दोर हिसकून गेली आणि पूर्ण वेगानं भावाच्या कुशीवर आदळली. ती धावते हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दोघं लोळत गेली. डोंगरनं तिचा गाल धरला आणि फाडला, कान मुळापासून गेला. ती मात्र त्याला दात न लावता दाबू बघत होती, जसं माणसाला दाबायची. डोंगर ताकदीनं जास्त होता. तो तिच्याखालून निसटला आणि पुन्हा चोराच्या मांडीवर आला.

तोवर वहिनींनी पडलेली पहार उचलली होती. त्यांनी ती त्याच्या पाठीत घातली, डोक्यात घातली. त्याला कळलंसुद्धा नाही. मग त्यांनी मारणं सोडलं. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या, पहार त्याच्या पट्ट्याखाली सारली आणि पिळायला लागल्या, ताडपत्रीच्या दोराला पीळ भरतात तशी. एक पीळ. आणखी एक. डोंगरच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जबडा सुटला. चोर मोकळा झाला.

"सोड," चोर म्हणाला.  "अगं, सोड आता. त्याची चूक नाही."

वहिनींनी आणखी एक पीळ दिला. डोंगरचे पाय मातीत खरडत होते, मग खरडायचे थांबले. जीभ बाहेर आली, डोळे तसेच उघडे राहिले. तरीही त्या पहार धरून बसल्या होत्या. उस्ताद आणि मी बातमी लागून पोचलो तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

शेठही आले. डोंगरकडे पाहून म्हणाले, "एवढं मोठं जनावर मारून टाकलंत?" वहिनींनी मान वर करून पाहिलं. कपाळापासून कोपरापर्यंत रक्त, त्यातलं कुणाचं किती ते सांगता आलं नसतं. शेठ दोन पावलं मागे सरले. हमाल अजून थप्पीवरच होता. पोलीस येईपर्यंत तो खाली उतरला नाही, कारण खाली मठ्ठी उभी होती, अर्धं तोंड लोंबत असलेली.

चोर महिनोन्महिने दवाखान्यात होता. मांडीचा मोठा भाग काढावा लागला, गुडघा कायमचा ताठ झाला. शुद्धीवर आल्यावर तो कित्येक दिवस वहिनींशी बोलला नाही. मी भेटायला गेलो तर मला म्हणाला, "तिनं माझा जीव वाचवला, हे मला कळतं. पण त्या कुत्र्याला काठीनं मी मारलं आणि पहारीनं तिनं मारलं. त्यानं कुणाचं काय केलं होतं?"  वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याचा विचार करा. मी त्या वेळी फक्त तुमचा केला." मग त्यांनी त्याला पेजेचा चमचा भरवला आणि त्यानं तो घेतला. बोलणं त्यानंतर हळूहळू सुरू झालं.

दुकानात दोराला पीळ भरायचं काम मात्र वहिनींना पुन्हा जमलं नाही.  त्यांनी नुसती शिवण घेतली.

उस्तादांनी चोराला मैदानावर परत बोलावलं, बसून करायच्या कामाला. कुत्रं घेऊन आलेल्या माणसाशी आधी त्यानं बोलायचं. मोठं मास्टिफ घ्यावं का, असं विचारणारे खूप येत. तो उलट विचारी, घरात कोण कोण आहे, दुपारी सावली कुठं असते, त्याला माणसांत ठेवणार की बांधून. "राखण करतं का? करतं," तो सांगे. "दारात नुसतं झोपलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं ते स्वतः ठरवतं, त्याला चिथवायला जाऊ नका. लहान कुत्रं चुकलं तर टाके पडतात. हे चुकलं तर माणूस जातो." काहींना तो सरळ परत पाठवायचा, आणि ते मला येऊन सांगायचे की तुमचा तो लंगडा फार उद्धट आहे.

त्या प्रकरणातले पळालेले दोघंही सापडले. टाकीतल्या खुनाची शिक्षा त्या दोघांच्या नावावर गेली. हमाल पोलिसांशी सगळं बोलला होता, त्यामुळे तो काही वर्षांनी सुटला. एका सकाळी तो माझ्या दुकानात दाढीला आला. त्यानं तोंडाला फेस लावून घेतला आणि मग शेजारच्या खुर्चीत चोर बसलाय हे आरशात पाहिलं.  माझा वस्तरा हातातच राहिला.

हमाल म्हणाला, "ते ओढत नेत होतं तेव्हा मी वर बसून बघत होतो. खाली उतरायला पाय उचलला गेला नाही."

"उतरला असतास तर तुलाही धरलं असतं," चोर म्हणाला.

"ते नाही म्हणत मी. तुला मारायलाच आलो होतो. पण कुत्र्यानं तुला असं जिवंत फाडावं, हे मनात नव्हतं." 

दारात मठ्ठी पडलेली असायची, एका बाजूनं चेहरा नसलेली, आता म्हातारी, मागचे पाय ओढणारी. ती उठली. तिला उठायलाही वेळ लागत असे. आत आली नाही. दारात आडवी उभी राहिली, दार भरून, आणि हमालाकडे बघत राहिली. हमालानं तोंडावरचा फेस हातानं पुसला आणि उठला, पण पाऊल पुढं टाकेना.

चोर कुबडी घेऊन दारापर्यंत गेला. "बस," म्हणाला. ती बसली नाही. मग तो स्वतः पायरीवर बसला, ताठ पाय रस्त्यात पसरून, आणि वाकडा हात तिच्या मानेभोवती टाकून तिला आपल्याकडे ओढलं. तिचा सगळा भार त्याच्या खांद्यावर आला, ज्या खांद्याला मांस नव्हतं. तो विव्हळला, पण धरून राहिला. हमाल भिंतीला पाठ घासत, बाजूनं बाहेर पडला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती उभीच होती.